चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके



गेल्या गॅदरिंगला आमच्या वर्गाने श्रावणबाळाचे नाटक बसवले होते. दशरथ झालेला मुलगा बाण मारताना दर वेळी प्रेक्षकांकडे पाठ करायचा. गुरुजींनी दहा वेळा सांगितले, तरी त्याला कळेना. शेवटी गुरुजी स्वतः काठीचे धनुष्य घेऊन उभे राहिले नि करून दाखवले, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरले. मग आम्हाला वाटले, सिनेमात तर एवढी माणसे असतात, हत्ती-घोडे असतात, राजवाडे असतात. तिथे हे सगळ्यांना समजावून सांगतो कोण? त्या माणसाला दिग्दर्शक म्हणतात. आपल्या देशात पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट ज्यांनी काढला, त्यांना तर हे काम फारच अवघड गेले असणार. कारण ज्यांना समजावून सांगायचे, त्यांतल्या पुष्कळांना सिनेमा तयार कसा होतो याची काही कल्पनाच नव्हती. ते दिग्दर्शक म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचे चरित्र इथे देत आहोत.

दादासाहेबांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांना मुंबईला कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली आणि सगळे बिऱ्हाड मुंबईला आले. धुंडिराजाला लहानपणापासून चित्रे काढण्याचा नाद. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे ते चित्रकला शिकले, फोटो काढायला आणि ते धुवायला शिकले, मातीचे नि साच्यातले पुतळे करायला शिकले, इमारतींचे नकाशे काढायलाही शिकले. घरच्यांना वाटत असेल, हा मुलगा एक धड काही करत नाही. पण यातले एकूण एक पुढे उपयोगी पडले. सुताराला सेट कसा हवा ते सांगायचे तर नकाशा काढता आला पाहिजे, रंगाऱ्याला पडदा कसा रंगवायचा ते सांगायचे तर हातात ब्रश धरता आला पाहिजे. दादासाहेबांना दोन्ही येत होते.

मध्यंतरी त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. पण प्लेगची साथ आली आणि त्यांची पहिली पत्नी व मूल त्या साथीत गेले. ते गाव त्यांनी सोडले. पुढे १९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याबद्दल बरेच यायचे आहे.

काही वर्षे त्यांनी सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. स्वदेशीची चळवळ सुरू झाली तेव्हा ती सोडली. मग लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. आपल्या आजीच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या जुन्या तसबिरी असतात ना, तसल्या चित्रांच्या छपाईचे काम. १९०९ साली ते छपाईचे नवे तंत्र शिकायला जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही आणि छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. याच सगळ्या उलाढालीत ते जादूचे प्रयोगही करत असत. जादूगार म्हणून नाव घेतले होते प्रोफेसर केळफा. फाळके हे नाव उलटे वाचून बघा!

आता मुख्य गोष्ट. १९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात तंबूमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहिला. मूकपट म्हणजे ज्यात आवाज नाही, नुसती हलती चित्रे. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि दादासाहेबांना डोळ्यांपुढे आपला श्रीकृष्ण, आपला राम, आपली अयोध्या दिसू लागली. हे आपल्याकडे आपल्या माणसांनी का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्यांदा ते सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. आम्हाला वाटते, स्वतःला दिसलेले दुसऱ्याला दाखवण्याचे काम त्यांनी घरापासूनच सुरू केले.

मग त्यांना वेडच लागले. रोज सिनेमे पाहायचे, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की दिसेनासे होण्याची वेळ आली. डॉक्टरांच्या औषधाने नि चष्म्याने नजर परत आली. नंतर त्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बोटीने विलायतेला गेले. तिथे लंडनमध्ये एका सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटले. ओळख ना देख! पण त्या भल्या माणसाने त्यांना हेपवर्थ नावाच्या निर्मात्याच्या स्टुडिओत पाठवले. तिथे त्यांनी सगळे काम डोळ्यांनी पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि इतर यंत्रे विकत घेऊन दोन महिन्यांत ते परत आले.

कॅमेरा आला, पण पैसा कुठून आणायचा? सावकाराला सिनेमा म्हणजे काय ते तोंडाने सांगून पटेना. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. समोर कॅमेरा मांडून ठेवला आणि कितीतरी दिवस थोड्या थोड्या वेळाने त्याचे एकेक चित्र घेत राहिले. मग ती सगळी चित्रे पडद्यावर लागोपाठ दाखवली. बघता बघता दाण्यातून अंकुर फुटला, वर आला, पाने फुटली, वेल वाढला! सगळे मिनिटभरात. पाहणारे थक्क झाले आणि पैसे मिळाले. तरी पुरले नाहीत. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

गोष्ट ठरली राजा हरिश्चंद्राची. ही गोष्ट लोकांना पाठ असते, म्हणून मूकपटाला सोयीची. आता नट पाहिजेत. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. कोणीही यायला लागले. शेवटी जाहिरातीत असेही घालावे लागले म्हणे, की वाईट चेहऱ्याच्या लोकांनी येण्याची तसदी घेऊ नये. हरिश्चंद्राच्या कामासाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. पण तारामतीचे काय? त्या काळी चांगल्या घरच्या बायका सिनेमात काम करणे शक्यच नव्हते. नाचगाणे करणाऱ्या बायकांना विचारले, तर त्यांनीसुद्धा नकार दिला. दादासाहेब हताश होऊन ग्रँट रोडच्या एका हॉटेलात चहाला गेले. तिथे आचाऱ्याचे काम करणारा एक सडपातळ तरुण त्यांना दिसला. त्याचे हात नाजूक होते. त्याचे नाव अण्णा साळुंके. हॉटेलात त्याला महिना १० रुपये मिळत. दादासाहेबांनी १५ रुपये कबूल केले आणि तो आचारी तारामती झाला.

इथेच खरी परीक्षा सुरू झाली. साळुंक्यांनी कधी नाटकात काम केले नव्हते. जे नाटकातले होते त्यांची अडचण वेगळी. नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जावे म्हणून नट मोठ्याने बोलतो, हात मोठे मोठे फिरवतो. इथे तर आवाज उमटतच नव्हता. कॅमेरा एका जागी तिवईवर उभा. त्याला दिसेल तेवढ्याच चौकटीत फिरायचे, बाहेर गेले की माणूस गायब. समोर प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. रडायचे ते एका लाकडी पेटीकडे बघून. दादासाहेबांना हे सगळे ठाऊक होते, कारण त्यांनी विलायतेत पाहिले होते. पण मंडळींनी थोडेच पाहिले होते? म्हणून तोंडी सांगण्यावर भागत नसे. तालमी घ्याव्या लागत, पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागे. गोष्ट लिहिणे, सेट उभारणे, रंगरंगोटी, नटांचा मेकअप, दिग्दर्शन, शेवटी फिल्म कापून जोडणे, सगळीकडे त्यांचाच हात. त्यातल्या त्यात एक सोय होती. राजा, ऋषी, राणी कशी दिसते हे मंडळींना तसबिरींमुळे माहीत होते. दादासाहेबांनी तर तसल्या तसबिरी छापण्यातच उमेदीची वर्षे घालवली होती. त्यांच्या चित्रपटातले देखावे पाहिले तर रविवर्म्याचे चित्रच जिवंत होऊन हलू लागले आहे असे वाटते.

मूकपटाचा दिग्दर्शकाला एक फायदा मात्र होता. कॅमेरा चालू असतानाही त्याला बोलता यायचे. आता मागे वळा, आता खाली बसा, आता रडा, असे ओरडून सांगितले तरी ते फिल्मवर येत नसे. आमच्या गुरुजींना नाटकाच्या वेळी असे करता आले असते तर किती बरे झाले असते!

आणखी एक गंमत. तेव्हा बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही अशी रीत होती. बायकांची कामे करणारे पुरुष मिशी काढायला तयार होईनात. मिशीवाली राणी कशी चालेल? त्यांची समजूत काढता काढता दादासाहेबांच्या नाकी नऊ आले, असे सांगतात. शिवाय सिनेमात काम करतो म्हटले की लोक नावे ठेवत. म्हणून दादासाहेबांनी मंडळींना शिकवून ठेवले होते, की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा.

दादरला एका बंगल्यात हे काम चाले. साठ-सत्तर माणसे. त्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. नुसता स्वयंपाकच नाही. उन्हात पांढरी चादर धरून उभे राहायचे, म्हणजे तिच्यावरून उजेड नटांच्या तोंडावर पडतो. रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडायची. फिल्म धुवायची औषधे मिसळायची. वर मुलाबाळांचे करायचे. कुणाला काय हवे हे दादासाहेबांना सरस्वतीबाईंना सांगावेच लागत नसेल, असे आम्हाला वाटते. पडद्यावर मात्र त्या कुठेच दिसल्या नाहीत. आज दादासाहेबांचे नाव सगळ्यांना माहीत आहे, सरस्वतीबाईंचे किती जणांना माहीत आहे? पालकांनीच सांगावे.

हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास गोष्टीत मरतो. म्हणून कोणीही आपला मुलगा त्या कामासाठी देईना. तेव्हा दादासाहेबांनी आपल्याच मुलाला, भालचंद्राला, रोहिदास केले.

बाहेरचे देखावे घ्यायला मंडळी बदलापूरच्या पुढे वांगणी गावाला गेली. त्याची हकीकत अशी सांगतात. दादासाहेब मागाहून येणार होते. बाकीची मंडळी गाडीतून उतरून गावाकडे निघाली. हातात भाले, तलवारी! गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोरच आले. पाटलाला वर्दी गेली, पाटलाने फौजदाराला कळवले आणि सगळी मंडळी पकडली गेली. आम्ही नट आहोत, सिनेमा करायला आलो आहोत, असे ती सांगत होती. पण सिनेमा म्हणजे काय तेच कोणाला माहीत नाही, मग विश्वास कसा बसणार? दादासाहेब आले. त्यांनी सामान दाखवले, समजावले, तरी शंका जाईना. मग त्यांनी कॅमेरा मांडला, त्यात फिल्म घातलीच नाही, आणि मंडळींना तिथल्या तिथे एक प्रवेश करायला लावला. तो पाहिल्यावर फौजदाराचा संशय फिटला नि सुटका झाली.

याच मुक्कामात भालचंद्र खेळताना दगडावर पडला, डोक्याला लागले, तो बेशुद्ध झाला. मंडळी म्हणाली की काम थांबवून मुलाला मुंबईला न्यावे. पण पैसे संपत आले होते, आणि राहिलेला देखावा नेमका रोहिदासाच्या मरणाचाच होता. दादासाहेबांनी उपचार केले आणि त्याच अवस्थेत तो देखावा पुरा केला, असे सांगतात. हे वाचल्यावर आमच्या वर्गात भांडण झाले. काही जण म्हणाले, केवढी ही जिद्द. काही जण म्हणाले, मुलाला आधी दवाखान्यात न्यायला पाहिजे होते. लिहिणाऱ्याला दुसरे पटते. भालचंद्र बरा झाला, हे वाचून हायसे वाटले.

सहा महिने सत्तावीस दिवस काम चालून ३७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक पाहुण्यांना तो दाखवला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. मधून मधून पडद्यावर इंग्रजी नि हिंदीत मजकूर येई. लोकांनी गर्दी केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक पडद्यावर आला होता, हेही सांगितले पाहिजे. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते.

त्यानंतर दादासाहेब नाशिकला आले. मोहिनी भस्मासुर या १९१३ सालच्या चित्रपटात त्यांना स्त्रीकामासाठी खरोखरच्या स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. पुढे १९१७ साली लंकादहन आला. त्यात आचारी असलेले आपले अण्णा साळुंके राम पण झाले आणि सीता पण झाले! राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढून हात जोडत. मद्रासकडे तर या चित्रपटाचे पैसे बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावे लागले असे सांगतात.

१९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. याच सुमारास दादासाहेबांनी नवयुग मासिकात लेख लिहून सिनेमाचे काम कसे चालते ते वाचकांनाही सांगितले.

१९१८ सालच्या श्रीकृष्णजन्म आणि १९१९ सालच्या कालियामर्दन या चित्रपटांत बाळकृष्ण कोण झाले होते, ओळखा. दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी! ती तेव्हा आपल्या पहिली-दुसरीच्या मुलींएवढी होती. कालियामर्दनच्या सुरुवातीलाच दादासाहेबांनी एक नवीनच गोष्ट केली आहे. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर नुसता मंदाकिनीचा चेहरा येतो. साधा, घरातल्या मुलीचा. आणि मग त्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात. हसू येते, राग येतो, एकातून दुसरा. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात दिसते. जणू वडील लोकांना सांगत आहेत की ही माझी मुलगी, ही काय काय करू शकते ते बघा, आता हिला कृष्ण समजा. पहिलीतल्या मुलीकडून हे करून घेणे किती कठीण असेल! फोटो काढतानासुद्धा आपल्यातली निम्मी मुले डोळे मिटतात.

पण दादासाहेब स्वभावाने हट्टी. मनासारखे काम झाले नाही तर त्यांना चालत नसे. भागीदार पैशांचा हिशेब बघणारे. खटके उडाले आणि ते कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास परत आले, पुन्हा चित्रपट केले. मात्र काळ बदलत होता. १९३१ साली आलमआरा हा पहिला बोलपट आला. दादासाहेबांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली त्यांनी कोल्हापूरला गंगावतरण हा बोलपट केला. तेव्हा वय सदुसष्ट. बोलपटात चित्रण चालू असताना दिग्दर्शकाला गप्प बसावे लागते, नाहीतर त्याचाच आवाज आत जातो. ज्यांनी सारा जन्म नटांना शेजारी उभे राहून सांगण्यात घालवला, त्यांना ते कसे वाटले असेल? गंगावतरण त्यांचा शेवटचाच चित्रपट ठरला.

पुढचे दिवस ओढगस्तीत गेले. ज्या धंद्यात लोक लखपती झाले, तो सुरू करणाऱ्याजवळ काही उरले नव्हते. १९३९ साली चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा काही मंडळींना त्यांची आठवण झाली आणि पैसे जमवून त्यांना नाशिकला घरासाठी मदत केली गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ साली सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ साली त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट निघाले. मुंबईला गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सहल नाशिकला गेली तर ते जरूर पाहू.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडे शिल्लक आहेत. जुनी फिल्म पटकन पेट घेई, कुजे, कोणी जपून ठेवली नाही. राजा हरिश्चंद्राचे चारांपैकी दोनच भाग मिळाले. १९१७ साली दादासाहेबांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक छोटासा चित्रपटही काढला होता. त्याचा तुकडा सुदैवाने राहिला आहे. त्यात दादासाहेब स्वतः आहेत. आवाज नाही, त्यामुळे काय सांगतात ते ऐकू येत नाही. पण नटांना शिकवताना ते दिसतात, आणि फिल्मची पट्टी हातात धरून बारकाईने तपासतानाही दिसतात.